फियाट ११०० आणि मॉरिस ऑक्सफर्ड : शेडमधल्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर.

दोन्ही गाड्या शेडमध्ये लागल्या. डावीकडे फियाट ११००, १९५५ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेली. पुढची दारं उलटी उघडणारी, म्हणजे मुंबईकर जिला डुक्कर फियाट म्हणायचे ती. उजवीकडे १९६०ची अँबॅसिडर, पुढे जिला मार्क वन म्हणू लागले ती. कागदावर कारखाना हिंदुस्तान मोटर्सचा, बंगालातल्या उत्तरपाड्याचा असला तरी घडण सगळी मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीची, म्हणून या नोंदींत तिला ऑक्सफर्डच म्हणणार. तुलना फियाटचं तुरिन आणि मॉरिसचं काउली या दोन गावांची करायची आहे, टॅक्सीवाल्यांची आणि मंत्र्यांची नाही.

गाड्या एका डॉक्टरांच्या. फियाट वडिलांकडून आलेली, ऑक्सफर्ड सासऱ्यांकडून. दोन्ही चालत्या करायच्या आणि दोहोंत चांगली घडवलेली कुठली ते लिहून द्यायचं, एवढं काम. दुसरा भाग डॉक्टरांनी हसत हसत सांगितला. वहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

आधी टेप आणि वजनकाटा, मग पाना, असं आबा मिस्त्रींशी ठरलं. लहानपणीच्या आठवणी सांगायच्या असतील तर चहाच्या वेळेत.

१५ डिसेंबर, रविवार

मापं झाली. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३४ सेंटिमीटर, ऑक्सफर्डचं २४६. फरक जेमतेम बारा सेंटिमीटरचा. पण लांबी बघा: फियाट पावणेचार मीटरच्या थोडी वर, ऑक्सफर्ड सव्वाचारच्याही पुढे. म्हणजे ऑक्सफर्डचं जास्तीचं जवळजवळ सगळं अंग चाकांच्या बाहेर लोंबतंय, थोडं नाकाकडे आणि बरंचसं डिकीकडे. रुंदीत मात्र खरा फरक पडतो: १४६ आणि १६६. मागे तिघं बसले की या वीस सेंटिमीटरची किंमत कळते.

वजनकाट्यावर फियाट ८४० किलो, ऑक्सफर्ड १,१२० किलो. दोन्हींत पेट्रोल नावापुरतं. कारखान्याच्या आकड्यांनुसार पहिल्या फियाटची ताकद ३६ अश्वशक्ती, ऑक्सफर्डच्या इंजिनाची ५५. टनामागे धरली तर फियाट ४३, ऑक्सफर्ड ४९. सुरुवातीलाच लोकांच्या समजुतीला धक्का: कागदावर चपळ गाडी ऑक्सफर्ड ठरते. हे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतात हे खरं, पण एवढा फरक पद्धतीनं पुसला जात नाही.

आबांना हे पटलं नाही. "कागद घाट चढत न्हाई, मास्तर," म्हणाले. घाटाचं नंतर बघू.

२२ डिसेंबर, रविवार

फियाटचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. ॲल्युमिनियमचं हेड, खाली बिडाचा ब्लॉक. आबांनी एका हातानं उचलून बाकावर ठेवलं.

बोअर, म्हणजे सिलिंडरच्या नळीचा व्यास, ६८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. गाडी १९५३च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, पण ही मापं त्याहून जुनी आहेत. १९३७च्या ५०८ सी या फियाटमध्ये हाच बोअर आणि हाच स्ट्रोक होता. दोन्ही गाड्या फियाटचा रचनाकार दान्ते जाकोसा याच्या. त्याआधी १९३६ची छोटी तोपोलिनो त्याचीच, आणि पुढे १९५५ची ६०० आणि १९५७ची नवी ५००सुद्धा त्याचीच. म्हणजे १९५३ साली त्यानं स्वतःचंच सोळा वर्षं रस्त्यावर घासून निघालेलं इंजिन घेतलं आणि त्याच्याभोवती नवी, वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसलेली, पत्र्याच्या पेटीसारखी एकसंध बॉडी रचली. नवं एकाच ठिकाणी आणि जुनं खात्रीचं. डिझाइनवाल्या माणसाचा हा संयम मला फार आवडतो.

याच १०८९ सीसीवर युद्धानंतर चिसितालिया २०२ ही इटालियन स्पोर्ट्स कार धावली. ती गाडी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आबांना सांगितलं की या इंजिनाची बहीण म्युझियममध्ये आहे. त्यांनी व्हॉल्व्हच्या सीटवर बोट फिरवत विचारलं, "तिथं ग्राइंडिंग कोण करतंय?"

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, पहिल्या मॉडेलला ६.७, म्हणजे आजच्या मानानं फारच सौम्य. युद्धानंतरच्या युरोपात जे पेट्रोल मिळायचं त्यावर चालायचं तर दुसरा इलाज नव्हता. ठेवायचं तसंच. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचा मोह पोरांना होतो. इथे परवानगी नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज ऑक्सफर्डचं हेड. बिडाचं. दोघांनी मिळून उचललं.

बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९. विचित्र वाटणारे हे आकडे इंचात केले की सरळ होतात: पावणेतीन आणि एक अष्टमांश इंच, आणि बरोबर साडेतीन इंच. १४८९ सीसी. पोरानं विचारलं, स्ट्रोक एवढा लांब का? प्रश्न बरोबर आहे. फियाटचा स्ट्रोक बोअरच्या १.१ पट, हिचा १.२२ पट.

उत्तर इंजिनात नाही, इंग्लंडच्या करखात्यात आहे. तिकडे १९४७पर्यंत मोटारीचा कर अश्वशक्तीवर होता, आणि ती अश्वशक्ती खरी नव्हे, सूत्रातली: बोअरचा इंचातला वर्ग, गुणिले सिलिंडर, भागिले अडीच. सूत्रात स्ट्रोक कुठेच नाही. मग कारखानदार काय करणार? नळी अरुंद ठेवायची आणि खोल करायची. कर वाचतो, सीसी वाढते. कर बदलला, पण साचे बदलायला पैसे लागतात. हे इंजिन म्हणजे ऑस्टिनच्या १९४७च्या ए-फोर्टीतल्या १२०० सीसी इंजिनाची वाढवलेली आवृत्ती. बोअर वाढला, साडेतीन इंचाचा स्ट्रोक तसाच राहिला. जुन्या सूत्रात घातलं तर ५५ अश्वशक्तीचं हे इंजिन १३.२चं भरतं.

आता याचा परिणाम. पिस्टनचा सरासरी वेग काढला. फियाट मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देते, तेव्हा तिचा पिस्टन सेकंदाला ११ मीटर धावतो. ऑक्सफर्डचा पिस्टन तेवढ्याच वेगात ठेवायचा तर इंजिन ३७०० फेऱ्यांवर थांबवावं लागतं. ४४०० केलं तर १३ मीटर. म्हणून फियाट हाणली तरी तक्रार करत नाही, आणि ऑक्सफर्डला मात्र खालच्या फेऱ्यांवर सावकाश ओढायला आवडतं. दोघींचा जो स्वभाव म्हणून सांगितला जातो त्यातला निम्मा तरी या एका मापात आहे.

दोन्ही इंजिनांत क्रँकला मुख्य बेअरिंग तीनच. इथे कुणी कुणाला हसायचं कारण नाही.

तसंच, खंत करण्यासारखं ते बीडसुद्धा नाही. हेडमधल्या ज्वलनकक्षाचा पत्त्यांतल्या बदामासारखा आकार हॅरी वेस्लेकचा, तो माणूस हवा वळवण्यातला उस्ताद. मात्र पोर्टांत काटकसर केली आहे: चार सिलिंडरना आत घेणारी भोकं दोन आणि धूर सोडणारी तीन. मधलं भोक दोन आणि तीन नंबरचं सामाईक, त्यामुळे सगळी उष्णता तिथे गोळा होते. तरी याच १४८९ सीसीला दोन कार्बोरेटर लावून १९५५ साली एमजीए ही स्पोर्ट्स कार निघाली आणि तिनं ६८ अश्वशक्ती दिली. ऑक्सफर्डमध्ये ते इंजिन कधी पूर्ण जागंच होत नाही.

१२ जानेवारी, रविवार

ऑक्सफर्डचं इंजिन ऑस्टिनचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांनी फोनवर विचारला, तो इथे लिहून ठेवतो. मॉरिस आणि ऑस्टिन हे एकमेकांचे हाडवैरी. १९५२ साली दोघांचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या नावाखाली लग्न लागलं, आणि सूत्रं ऑस्टिनच्या लिओनर्ड लॉर्डकडे गेली. हा लॉर्ड पूर्वी मॉरिसकडेच होता आणि भांडून निघालेला. १९५४ची ऑक्सफर्ड सीरिज टू आली तीच ऑस्टिनच्या घरचं इंजिन पोटात घेऊन. सीरिज थ्री १९५६ची, तीच गाडी, बॉनेटवर पन्हळ आणि मागच्या मडगार्डांना छोटे पंख.

शेडमध्ये दोन्ही गाड्या उघड्या असताना हे डोळ्यांना दिसतं. फियाटमध्ये गिअरबॉक्सपासून दाराच्या कडीपर्यंत एकाच माणसाची लेखणी फिरल्यासारखी वाटते; प्रत्येक भाग शेजारच्या भागाला जागा करून देतो. ऑक्सफर्डमध्ये दोन घरांची भांडी एका स्वयंपाकघरात मांडली आहेत. भांडी उत्तम आहेत, मांडणीत मोकळी जागा भरपूर आहे, आणि त्या मोकळ्या जागेमुळेच मिस्त्रीचा हात कोपरापर्यंत आत जातो. फियाटला आबांची मनगटं सोलतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आबा आले नाहीत. पाने वेगळे केले: फियाटला एमएम, ऑक्सफर्डला इंची. निळी पेटी आणि लाल पेटी. तेराचा पाना अर्ध्या इंचाला बसवण्याच्या सवयीनं या देशात जितके नट गोल झालेत तितके गंजानं झाले नसतील.

२६ जानेवारी, रविवार

पुढचं सस्पेन्शन. मला वाटलं होतं इथे फियाट सहज जिंकेल. तसं झालं नाही.

फियाटचं पुढचं चाक दोन आडव्या आर्मवर, मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे सलग एक्सल आणि पाटे. सुटसुटीत, हलकं, समजायला सोपं. सगळा भार मात्र बॉडीच्या पुढच्या टोकाला, स्प्रिंगच्या डोक्यावर येतो. तिथला पत्रा एकदा गंजला की गाडी नाक खाली घालते. आमच्या गाडीत उजवीकडे नेमकं तेच झालं आहे, डेंटरला बोलावलं.

ऑक्सफर्डला पुढे स्प्रिंगच नाही, म्हणजे डोळ्यांना दिसेल अशी नाही. खालच्या आर्मपासून लांब पोलादी दांडा गाडीच्या तळाशी मागे जातो आणि पुढच्या सीटच्या आसपासच्या आडव्या मेंबरमध्ये घट्ट बसतो. चाक वर गेलं की दांडा पिळतो. तो पीळ हीच स्प्रिंग. धक्क्याचा भार अशा रीतीनं नाकाला न बसता गाडीच्या मध्यावर, सगळ्यात भक्कम जागी जातो. खड्ड्यांच्या रस्त्यांवर या गाडीनं जी इज्जत कमावली तिचं श्रेय लोक जाड पत्र्याला देतात. मी ते या दांड्यांना देईन. मागे इथेही पाटेच.

स्टीअरिंगमध्येही तेच. फियाटला वर्मचा, म्हणजे मळसूत्री दातांचा बॉक्स, आणि ऑक्सफर्डला रॅक आणि पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं चाक. आजच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीत रॅकच असतो. १९५०च्या दशकात म्हाताऱ्या दिसणाऱ्या या इंग्लिश गाडीत तो होता, हे सांगितलं तर कॉलेजची मुलं विश्वास ठेवत नाहीत. खाली झोपून बघा म्हणावं.

९ फेब्रुवारी, रविवार

वायरिंग. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या, दोन्हींना डायनॅमो. पण ऑक्सफर्डमध्ये बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांची ही रीत. फियाटला आपली नेहमीची वजा बाजू बॉडीला. बॅटरीच्या ट्रेवर लाल रंगानं मोठं लिहून ठेवलं, कारण चार्जिंगवाला पोरगा नवीन आहे.

दोन्ही गाड्यांचा गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली, चार गिअर, पहिल्याला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी सोय) नाही. म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर दोनदा क्लच. सीरिज थ्रीला इंग्लंडमध्ये मॅन्युमॅटिक नावाचा, क्लचचं पेडलच नसलेला प्रकार जास्तीचे पैसे देऊन मिळायचा. आबांना सांगितलं. "मग डावा पाय काय करतोय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

डेंटरचं काम चालू, म्हणून आज लिहिण्याचं काम. दोन्ही गाड्या आपल्याकडे कशा आल्या ते डॉक्टरांना तुलनेच्या तक्त्याच्या मागे हवं आहे.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली, आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग फियाटशी करार. हिंदुस्तान मोटर्स १९४२ची, बिर्लांची. आधी गुजरातेत ओख्याला, मग बंगालात उत्तरपाड्याला, आणि करार मॉरिसशी. जनरल मोटर्सची जोडणी मुंबईत १९२८पासून चालू होती. १९५३ साली सरकारनं टॅरिफ कमिशनचं म्हणणं मान्य केलं: सुटे भाग इथे बनवायचा कार्यक्रम असेल त्यानंच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. उरलेल्यांत या दोन गाड्या.

गंमत तारखांची आहे. काउलीनं सीरिज थ्री १९५९मध्ये संपवली आणि तिच्या जागी सीरिज फाइव्ह आणली, जिचं रेखाटन इटलीच्या पिनिनफारिनाचं. म्हणजे इंग्लिश गाडीला नवं रूप शेवटी इटालियन हातानंच दिलं. त्याच १९५९मध्ये उत्तरपाड्यानं अँबॅसिडरमधलं जुनं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) १४७६ सीसीचं इंजिन काढून हे ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असलेलं) १४८९ बसवलं. तिकडे गाडी निवृत्त झाली, इकडे तिला तरुण इंजिन मिळालं, आणि ती २०१४च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. फियाट ११००चा इटलीतला वंश १९६९पर्यंत चालला. मग जाकोसाचीच १२८ आली, पुढच्या चाकांवर ओढणारी. आपल्याकडे ११०० डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी.

इतकी वर्षं न बदलता बनत राहणं हा या दोन्ही गाड्यांचा गुण नव्हे, आपल्या परवान्यांचा परिणाम. त्यांचा न्याय १९५३ आणि १९५६च्या तारखांनीच करायचा. हा मुद्दा तक्त्यात ठळक घालणार.

२ मार्च, रविवार

दोन्ही इंजिनं चालू. फियाट आधी. सेल्फ मारला, दोनदा शिंकली आणि लागली. टॅपेटचा आवाज कोरडा, शिलाई मशीनच्या जातीचा. ऑक्सफर्डनं वेळ घेतला, मग अशी स्थिरावली की मडगार्डावर ठेवलेला चहाचा कप हलेना. आयडलिंगला ऑक्सफर्ड, त्यात वादच नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारून पन्हाळ्याला. फियाट मी चालवली, ऑक्सफर्ड आबांनी. वाघबीळला थांबून अदलाबदल.

सपाट रस्त्यावर फियाट हलकी, हसरी. स्टीअरिंगला मध्यावर थोडा ढिलेपणा आहे, तो बॉक्सचा वारसा. पण गाडी वळणात शिरली की खांदे पाडत नाही. पुढच्या दोन चाकांना कुठे ठेवतोय ते बुडाला कळतं. घाट लागला तसा तिसरा पुरेना. दुसऱ्यात टाकली, आणि इंजिन ओरडत पण आनंदानं वर गेलं. पारा मधल्या खुणेच्या वर चढला, उकळली नाही.

ऑक्सफर्डनं तीच चढण तिसऱ्यात काढली. चौघे बसलेले असताना. पायात काही केल्यासारखं वाटत नाही, गाडी चढत राहते. वळणावर मात्र सगळं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. पंधरा डिसेंबरला मोजलेलं ते चाकांबाहेरचं अंग इथे जाणवलं. रॅकमुळे हुकूम लगेच पोहोचतो, पण तो पाळायला ११२० किलोंना वेळ लागतो. हळू वळवताना हात भरून येतात.

उतरताना दोन्हींचे ड्रम ब्रेक. फियाटला कमी वजनाचा फायदा स्पष्ट. ऑक्सफर्डला गिअरवर धरावी लागली, आणि तळाशी पुढच्या चाकांना वास येत होता.

आबांचं मत: "घाटात कागद बरोबर निघाला, मास्तर. पण उतारावर न्हाई."

६ एप्रिल, रविवार

डॉक्टरांना लेखी दिलं. त्यातला मुख्य भाग इथे उतरवतो.

इंजिनाची ओढ, आसनांची रुंदी, पुढचं सस्पेन्शन आणि स्टीअरिंगची यंत्रणा या बाबतीत ऑक्सफर्ड वरचढ. यातल्या शेवटच्या दोन तर फियाटच्या पुढच्या काळातल्या. वजनाचा हिशेब, हेड, वळणातली शिस्त, ब्रेक आणि एकूण रचनेचा मेळ यांत फियाट. १०८९ सीसीत आणि ८४० किलोंत चार माणसं आणि त्यांचं सामान इतक्या नीटपणे बसवणं ही अवघड गोष्ट आहे. १४८९ सीसी आणि ११२० किलो हाताशी असताना ते काम सोपं होतं, आणि तरी ऑक्सफर्डनं डिकीशिवाय जास्तीचं फारसं काही मिळवलं नाही. म्हणून चांगली घडवलेली गाडी फियाट. नवख्याच्या हाती देऊन लांबच्या गावाला पाठवायची असेल तर ऑक्सफर्ड, कारण तिला चुका सोसतात.

वहिनींनी कागद वाचला आणि शेवटच्या वाक्याखाली पेनानं रेघ मारली. तेवढं एकच वाक्य निकाल आहे असं घरात जाहीर झाल्याचं डॉक्टरांनी कळवलं.

१३ एप्रिल, रविवार

राहिलेलं: ऑक्सफर्डच्या पुढच्या चारही व्हील सिलिंडरची रबरं बदलणे, ड्रम टर्न करून घेणे. फियाटचा स्टीअरिंग बॉक्स उघडून शिम बघणे. तिच्याच शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) सेंटर बेअरिंगचा आवाज ताशी साठच्या पुढे येतो, बेअरिंग मुंबईहून मागवलं आहे. रेडिएटर दोन्ही गाड्यांचे रॉडिंगला दिले. लाल पेटीतला सात-सोळांशाचा रिंग पाना सापडत नाही, आबांना विचारणे.